सवाष्ण

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत छत्रपती संभाजीनगरच्या पडेगावात, दौलताबाद-वेरूळच्या वाटेवरच्या वसाहतींत, हळदीकुंकवाची लगबग असते. आमंत्रण सवाष्णीला. नवरा हयात असलेली, एवढीच पात्रता.

‘सवाष्ण’ आली संस्कृत ‘सुवासिनी’वरून. गंमत अशी की, या शब्दाचा जुना अर्थ वडिलांच्या घरी राहणारी स्त्री. मग ती लग्न झालेली असो वा नसो. ‘स्ववासिनी’ असाही पाठ सापडतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांच्या रांगेत सुवासिनी बसते. या सगळ्यांना पाहुण्यांच्याही आधी वाढायचे. माहेरच्या वाऱ्याचा हा शब्द पुढे पुरता सासरचा झाला. आता ‘सवाष्ण जेवायला’ बोलावतात, ओटी भरतात. आणि ज्या सवाष्णीने पुरण वाटले, ती मात्र शेवटच्या पंगतीला.

पुरुषाला याच्या जोडीचा शब्द नाही. पूजेला बसताना तो ‘सपत्नीक’ होतो, पण बायको गेली म्हणून त्याच्या कपाळाचा टिळा कुणी पुसत नाही.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये ठराव केला: नवरा गेल्यावर बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्याच्या 17 तारखेला राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितले. हळदीकुंकवाला कोणाला बोलवायचे, हे मात्र अजून घरोघरीच ठरते, आणि बहुधा सासूबाईच ठरवतात.