विंडस्केल, १९५७ : ग्रॅफाइटातील ऊर्जा आणि दुधातील आयोडीन

इंग्लंडच्या वायव्येस, आयरिश समुद्राच्या काठी, कंबरलँड परगण्यातील विंडस्केल येथे १९५७ च्या ऑक्टोबरात अणुभट्टीस आग लागली. या आगीचा वृत्तान्त अनेकांनी लिहिला आहे व त्याची पुनरावृत्ती करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नव्हे. या घटनेपूर्वी दहा-बारा वर्षे दोन निरनिराळ्या विषयांचे संशोधन चालू होते. भट्टीच्या अंगभूत पदार्थांवर न्यूट्रॉनांच्या अखंड माऱ्याचा काय परिणाम होतो, हा एक विषय. आणि भट्टीतून निसटलेले किरणोत्सर्गी द्रव्य हवेतून व गवतातून कोठवर जाते, हा दुसरा. दोहोंचे अभ्यासक वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या, आणि अहवाल बहुतांशी गोपनीय. यांपैकी कोणास काय ठाऊक होते, आणि जे ठाऊक होते ते ज्याला त्याची निकड होती त्याच्यापर्यंत कितपत पोचले, या प्रश्नाचाच येथे विचार करावयाचा आहे.

विंडस्केलच्या दोन भट्ट्या बाँबकरिता प्लुटोनियम निर्माण करण्यासाठी बांधल्या गेल्या. पहिली १९५० च्या ऑक्टोबरात व दुसरी १९५१ च्या जूनमध्ये चालू झाली. अमेरिकेतील हॅनफर्डच्या भट्ट्या नदीच्या पाण्याने थंड केल्या जात. तो प्रवाह खंडित झाल्यास भट्टी अनावर होण्याचा धोका होता व त्याकरिता वस्तीपासून फार दूरची जागा लागे. ब्रिटनसारख्या दाट वस्तीच्या बेटावर अशी जागा मिळणे कठीण, म्हणून तेथील अभियंत्यांनी हवेचा मार्ग पत्करला. प्रत्येक भट्टीत सुमारे दोन हजार टन ग्रॅफाइट न्यूट्रॉनांचा वेग मंद करण्यासाठी रचलेले होते. त्यातील आडव्या भोकांतून ॲल्युमिनियमच्या आवरणात बंद केलेल्या युरेनियमच्या कांड्या बसविलेल्या असत. प्रचंड पंखे हवा आत लोटीत आणि ती हवा ४१० फूट उंचीच्या धुराड्यातून सरळ आकाशात सोडली जाई. जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या आग्रहामुळे धुराड्याच्या माथ्यावर गाळण्या बसविण्यात आल्या. बांधकाम बरेच पुढे गेल्यानंतर हा निर्णय झाल्याने त्या माथ्यावरच बसवाव्या लागल्या, आणि अभियंत्यांनी तिला ‘कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा’ असे नाव ठेवले. हे नाव पुढे कोणी फारसे उच्चारले नाही.

आता ग्रॅफाइटाकडे वळू. वेगवान न्यूट्रॉन ग्रॅफाइटातील कार्बनच्या अणूवर आदळला म्हणजे तो अणू स्फटिकजालकातील आपल्या जागेवरून फेकला जातो व दोन थरांच्या मधल्या पोकळीत अडकून राहतो. असे असंख्य अणू स्थानभ्रष्ट झाले की ग्रॅफाइट फुगते, त्याची उष्णता-संवाहकता घटते, आणि ताणून बांधलेल्या कमानीत जशी ऊर्जा साठावी तशी ती त्यात साठत जाते. युजीन विग्नर यांनी हे भाकीत युद्धकाळातच, १९४२ साली, केले होते. हॅनफर्ड येथे ग्रॅफाइटाच्या फुगण्याची चिंता एवढी वाढली की १९४६ च्या मार्चमध्ये तेथील पहिली भट्टी राखीव ठेवण्यासाठी बंद करण्यात आली. युद्धानंतर अमेरिकेने अणुविषयक माहितीची देवाणघेवाण कायद्याने रोखली. त्यामुळे ब्रिटिश संशोधकांना हा विषय पुष्कळ अंशी नव्याने शोधावा लागला. एडवर्ड टेलर यांनी १९४८ साली हार्वेल येथे आले असता साठलेल्या ऊर्जेविषयी इशारा दिला होता. धोका अज्ञात होता असे म्हणता येत नाही. अज्ञात होते ते त्याचे परिमाण, आणि विशेषतः एकाच भट्टीच्या निरनिराळ्या भागांत ते कसकसे वाटले गेले आहे, हे.

येथे तापमानाचा मुद्दा निर्णायक आहे. ग्रॅफाइट पुरेसे तप्त असेल तर स्थानभ्रष्ट अणू आपोआप जागेवर परततात आणि ऊर्जा फारशी साठत नाही. विंडस्केलची भट्टी हवेने थंड राखलेली. तिच्यात विजेच्या निर्मितीचा प्रश्नच नव्हता. ती थंड असणे हीच अभियंत्यांची इष्टापत्ती, आणि तीच ग्रॅफाइटाची विपत्ती. अल्प तापमानात किरणित झालेल्या एका ग्रॅम ग्रॅफाइटात अखेरीस दोन हजार जूलपेक्षाही अधिक ऊर्जा साठू शकते, व सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ती झपाट्याने मुक्त होते. १९५२ साली, मे महिन्यात दुसऱ्या भट्टीत व सप्टेंबरात पहिल्या भट्टीत, तापमान अकस्मात वाढले तेव्हा हे तत्त्व पुस्तकातून बाहेर आले. त्यानंतर ठराविक काळाने भट्टी बंद करावयाची, पंखे थांबवावयाचे, अल्प शक्तीवर चालवून ग्रॅफाइट हळूहळू तापवावयाचे आणि साठा मुक्त होऊ द्यावयाचा, अशी रीत पडली. धातुकामातील अनुशीतनाचीच ही आवृत्ती होय. ऑक्टोबर १९५७ पूर्वी असे आठ प्रयोग झाले होते. त्यांपैकी काहींत ग्रॅफाइटाचे काही कप्पे तसेच राहून जात, पुन्हा तापवावे लागे. तरीही दोन अनुशीतनांमधील अंतर उत्तरोत्तर वाढवीत नेण्यात आले, कारण भट्टी बंद ठेवणे म्हणजे प्लुटोनियमचे उत्पादन थांबविणे होते.

नववे अनुशीतन ७ ऑक्टोबरच्या रात्री सुरू झाले. ८ तारखेस सकाळी ऊर्जेचे मोचन मंदावल्याचे तपयुग्मांच्या आकड्यांवरून दिसले, म्हणून भट्टी दुसऱ्यांदा तापविण्यात आली. हीच कृती पुढे सर्व चर्चेचे केंद्र ठरली. परंतु ती तपयुग्मे भट्टीच्या नित्य चालण्याच्या वेळी जेथे तापमान सर्वाधिक असते तेथे बसविलेली होती. अनुशीतनाच्या वेळी सर्वाधिक तापणारे भाग वेगळे असतात. संचालकाच्या समोरचे आकडे खरे होते, पण ते दुसऱ्याच जागेचे होते. पुढील दोन दिवसांत कोठे तरी एखाद्या कांडीचे आवरण फुटले, तप्त युरेनियम हवेच्या संपर्कात आले आणि जळू लागले. १० तारखेस धुराड्यातील किरणोत्सर्गाची नोंद वाढली. फुटलेली कांडी शोधणारे यंत्र नेमके त्याच वेळी अडकून बसले. अखेर दुपारी एका भोकावरील झाकण काढून पाहिले तो आतील कांड्या लाल झालेल्या. त्या रात्री कामगारांनी बांधकामाचे लोखंडी बांबू वापरून आजूबाजूच्या कांड्या मागे ढकलल्या व आगीभोवती मोकळा पट्टा केला. कार्बन डायॉक्साइडचा उपयोग झाला नाही. ११ तारखेच्या सकाळी, स्फोटाची शक्यता पत्करून, पाणी सोडण्यात आले. आणि उपव्यवस्थापक टॉम टूही यांनी हवेचा प्रवाह बंद केला तेव्हा आग विझू लागली.

सर विल्यम पेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १७ ऑक्टोबरला काम सुरू करून २६ तारखेस अहवाल सादर केला. एवढ्या त्वरेने झालेल्या चौकशीत सर्व बारकावे येणे शक्य नव्हते, आणि आग नेमकी कोणत्या प्रकारच्या कांडीपासून लागली याचा वाद आजही पुरता मिटलेला नाही. तथापि मंडळाने दुसऱ्या तापनाबरोबर तपयुग्मांची अपुरी व्यवस्था व अनुशीतनासंबंधी तपशीलवार लेखी नियमावलीचा अभाव यांचीही नोंद केली होती. प्रधानमंत्री मॅकमिलन यांनी मूळ अहवाल दाबून ठेवला. अमेरिकेशी अणुसहकार्याची बोलणी चालू असताना ब्रिटिश तंत्रज्ञानाची उणीव उघड होऊ नये, हा त्यांचा हेतू. ८ नोव्हेंबरला प्रसिद्ध झालेल्या श्वेतपत्रिकेत संचालकांच्या निर्णयातील चुकीवर भर आला. मूळ अहवाल वाचकांच्या हाती १९८८ च्या जानेवारीत पडला. तीस वर्षे विंडस्केलच्या कर्मचाऱ्यांनी ज्या दोषाचा भार वाहिला, त्यातील मोठा वाटा वस्तुतः संशोधन व संचालन यांच्यामधील रिकाम्या जागेचा होता, असे आम्हांस वाटते. लॉर्ना अर्नल्ड यांच्या १९९२ च्या ग्रंथाने हा भार पुष्कळ हलका केला.

दुसऱ्या विषयाची स्थिती काहीशी निराळी होती. भट्टीतून द्रव्य निसटण्याची ही पहिली वेळ नव्हती. कांड्या मागील बाजूस ढकलताना काही ठरलेल्या पाण्याच्या खंदकात न पडता हवेच्या मार्गात पडून राहत. तेथे उष्ण हवेत युरेनियमचे ऑक्सिडीभवन होई व त्याचे सूक्ष्म कण गाळण्या चुकवून आसपासच्या शेतांवर उतरत. १९५५ साली असे कण परिसरात सापडले. कांडीची भट्टीतील झीज आणि कुरणातील दूषण हे एकाच घटनेचे दोन टप्पे आहेत, हे तेथे प्रत्यक्ष दिसत होते; परंतु या उत्सर्जनाचे खरे परिमाण १९८० नंतरच्या दशकात, डेरेक जेकमन यांच्या लेखनानंतर, उघड झाले आणि ते अधिकृत आकड्याच्या कितीतरी पट निघाले.

सुदैवाने हार्वेल येथे ए. सी. चेंबरलेन हे निसटणाऱ्या आयोडीनचा अभ्यास अगोदरच करीत होते. हवेतील आयोडीनची वाफ गवतावर किती वेगाने बसते, हे मापण्यासाठी त्यांनी सहकाऱ्यासह प्रयोग केले व १९५३ साली प्रसिद्ध केले. ‘निक्षेप-वेग’ ही त्यांची कल्पना आज या शास्त्राची प्राथमिक भाषा झाली आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य केवळ आठ दिवसांचे. हवेतून श्वासावाटे शरीरात जाणारा अंश अल्प असतो. परंतु गाय दिवसभर विस्तीर्ण कुरण चरते, गवतावर पसरलेले आयोडीन एकत्र करते व ते दुधात उतरविते. आणि दूध पिणाऱ्या लहान मुलाच्या चिमुकल्या अवटू ग्रंथीत ते पुन्हा एकवटते. कोणत्याही प्रयोगशाळेने याहून कार्यक्षम संकलक बनविलेला नाही.

म्हणूनच आगीनंतर हवेतील व जमिनीवरील मापने फारशी भयावह नसतानाही आरोग्यभौतिकीविदांनी शेतांवरून दुधाचे नमुने गोळा केले. १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आकडे हाती आले आणि एक चमत्कारिक अडचण उभी राहिली : दुधात किती आयोडीन चालेल याची आणीबाणीची मर्यादाच अस्तित्वात नव्हती. मुलाच्या अवटू ग्रंथीस मिळू शकणाऱ्या मात्रेवरून उलट हिशेब करून लिटरमागे ०.१ मायक्रोक्युरी ही मर्यादा त्या घाईतच ठरविण्यात आली. दूधबंदी प्रथम भट्टीच्या जवळच्या पट्ट्यात लागू झाली व १५ तारखेपर्यंत सुमारे २०० चौरस मैलांवर पसरली. शेवटच्या शेतांवरून ती २३ नोव्हेंबरला उठली. दूध पातळ करून नद्यांत व समुद्रात सोडण्यात आले. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली. पण कासेतून नुकतेच काढलेले, डोळ्यांस निर्मळ दिसणारे दूध ओतून देण्याचा तो महिना त्यांना काय वाटला असेल, ते आकड्यांत मावणारे नाही. डन्स्टर, हॉवेल्स व टेंपल्टन यांनी १९५८ च्या जिनीव्हा परिषदेत या पाहणीचा जो निबंध वाचला, तो पुढे अशा प्रसंगांसाठी आधारभूत मानला गेला. भट्टीच्या पदार्थांचे शास्त्र जेथे संचालकाच्या हाती अपुरे पडले, तेथे कुरणाचे शास्त्र चोवीस तासांत उपयोगी पडले, ही तुलना विचार करण्याजोगी आहे. चेंबरलेन यांच्या हाती विषय लहान होता, पण त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झालेला होता.

यावरून दूषणाचे संशोधन निर्दोष होते असे मात्र समजू नये. बाँबच्या प्रारंभकासाठी लागणारे पोलोनियम-२१० याच भट्टीत बिस्मथपासून बनविले जाई व आगीत त्याचाही भाग हवेत गेला. पोलोनियमचे उत्पादन हे लष्करी गुपित असल्याने सार्वजनिक चर्चेत ते आलेच नाही. राष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण मंडळाने या आगीच्या परिणामांचा जो अंदाज केला, त्यातूनही ते प्रथम सुटले. १९८३ साली जॉन अर्कहार्ट यांनी ते निदर्शनास आणल्यावर अंदाज सुधारून मृत्यूंचा आकडा वाढवावा लागला. आयोडीनचाही आकडा स्थिर राहिला नाही. चेंबरलेन यांचा मूळ अंदाज २०,००० क्युरींचा, म्हणजे ७४० टेराबेकरेलचा. २००७ साली गारलँड व वेकफर्ड यांनी त्या दिवसांतील वाऱ्यांची गणिते नव्याने मांडून तो सुमारे १,८०० टेराबेकरेल, व पोलोनियमचा ४२ टेराबेकरेल, असा सुचविला. पन्नास वर्षांनी आकडा दुपटीहून अधिक व्हावा, यात पहिल्या संशोधकांचा प्रमाद नाही. त्यांची मापने ब्रिटिश भूमीवरील होती आणि मेघाचा मोठा भाग युरोपकडे गेला होता. पोलोनियमची गोष्ट वेगळी. तेथे मापनाची नव्हे, प्रश्न विचारण्याचीच मुभा नव्हती. गाळण्यांविषयी एवढेच सांगता येईल की वायुरूप आयोडीन त्यांना फारसे अडविता आले नाही; कणरूप द्रव्याचा काही भाग मात्र त्यांनी निश्चित धरून ठेवला.

दुसरी भट्टीही आगीनंतर कायमची बंद झाली. ग्रॅफाइटाचे संशोधन मात्र येथून खऱ्या अर्थाने सुरू झाले. ब्रिटनच्या पुढील विद्युत्-भट्ट्या कार्बन डायॉक्साइडने थंड होणाऱ्या व अधिक तप्त असल्याने विग्नर-ऊर्जेचा प्रश्न मागे पडला. पण ग्रॅफाइटाने दुसरे दुखणे पुढे केले. गॅमा किरणांमुळे कार्बन डायॉक्साइडचे विघटन होऊन जे क्रियाशील घटक निर्माण होतात, ते ग्रॅफाइटाच्या रंध्रांत शिरून कार्बन खातात. विटा वर्षानुवर्षे हलक्या व दुबळ्या होतात. प्रगत भट्ट्यांत हे मंदावण्यासाठी वायूत थोडा मिथेन मिसळतात. थांबविता मात्र येत नाही. जुनी वीट काढून नवी बसविणे अशक्य असल्याने भट्टीचे आयुष्य म्हणजे ग्रॅफाइटाचेच आयुष्य. स्कॉटलंडमधील हंटरस्टन बी केंद्रात विटांच्या खाचांपासून निघणाऱ्या भेगा आढळल्या व वाढत गेल्या; १९७६ पासून चाललेले ते केंद्र जानेवारी २०२२ मध्ये बंद झाले.

विंडस्केलच्या पहिल्या भट्टीत आगीनंतर सुमारे १५ टन इंधन अडकून राहिले. ते काढण्याची योजना आखणाऱ्यांना प्रथम जे ठरवावे लागले ते हे, की ज्या भागांपर्यंत १९५७ चे तापन पोचलेच नाही त्या ग्रॅफाइटात किती ऊर्जा अद्याप शिल्लक आहे, आणि यंत्रांच्या कापण्या-घासण्याने ती मुक्त होईल काय. त्यासाठी त्यातून नमुने काढून प्रयोगशाळेत तापवून पाहण्यात आले.