क्षारवाढ व गोड्या पाण्यातील अपृष्ठवंशी प्राणी

नद्या-ओढ्यांत विरघळलेले क्षार वाढल्याने कीटकांची पिले, गोगलगायी, पाणपिसवा यांना असणाऱ्या धोक्याचे मूल्यमापन. आग्नेय ऑस्ट्रेलियात खोल मुळांची झाडे तोडून शेते व कुरणे केल्यावर भूजल वर चढले आणि जमिनीतले जुने मीठ मरे-डार्लिंग खोऱ्यातील ओढ्यांत उतरले. तिथे ओढ्यातून पकडलेले जीव कमी-अधिक खारट पाण्यात ७२ तास ठेवतात. ज्या पातळीला निम्मे मरतात, ती त्या जातीची सहनसीमा. अनेक जातींच्या सीमा एका वक्रावर मांडून बहुसंख्य, सहसा ९५ टक्के, जाती सुरक्षित राहतील अशी मर्यादा ठरवतात. दगड उलटला की त्याच्या पाठीवर सरसर पळणारी बीटिडी कुलातील मेफ्लायची पिले फार नाजूक ठरली. कोळंबीसारखे कवचधारी पुष्कळ टिकले.

तरीही या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. मोठे जीव तगतात तिथे अंडी व नुकती जन्मलेली पिले बऱ्याचदा मरतात, आणि तीन दिवसांत वाढ खुंटल्याचे कळत नाही. शिवाय पाण्याचा खारटपणा जिच्यावरून मोजतात ती विद्युतवाहकता सारखी असली तरी क्षार सारखे नसतात : कॅल्शियमयुक्त कठीण पाण्यात क्लोराइडची विषारता घटते. कॅनडाने २०११ मध्ये दीर्घकालीन संपर्कासाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला १२० मिलिग्रॅम ठरवली.