दुसऱ्याच्या तेलावरचा दिवा

दिवाळी अंकाच्या जाहिराती गोळा करण्याचे काम आमच्या मंडळात माझ्याकडे असते. पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठेत फिरायचे, कानडी दुकानात कानडीत आणि मराठी दुकानात मराठीत बोलायचे. काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याने मलपृष्ठ कबूल केले आणि चहा पुढे सरकवत म्हटले, ‘मास्तर, तो बाजाराच्या जागेवरचा लेख यंदा राहू द्या की.’ छापखान्याचे बिल थकले होते. लेख राहिला. त्याची टोचणी मला लागून राहिली.

त्या टोचणीपायी मी दक्षिण आफ्रिकेतील वृत्तपत्रांचा इतिहास वाचू लागलो. दुसऱ्याच्या पैशावर पत्र चालवण्याचे बरेवाईट सगळे प्रकार त्या एका देशात सापडतात.

पहिला प्रकार लपवाछपवीचा. १९७६ मध्ये जोहान्सबर्गला ‘सिटिझन’ हे इंग्रजी दैनिक निघाले. मालक म्हणून नाव एका उद्योगपतीचे. पैसा मात्र सरकारच्या गुप्त निधीतला. ‘रँड डेली मेल’ आणि ‘संडे एक्स्प्रेस’ यांनी १९७८ मध्ये हे बिंग फोडले. माहितीमंत्री कॉनी मुल्डर गेले आणि १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्स्टर यांनाही पायउतार व्हावे लागले.

पुढे १९८५ च्या एप्रिलअखेर ‘रँड डेली मेल’ मालकांनी तोट्याचे कारण देऊन बंद केला. नोकरी गेलेल्या काही पत्रकारांनी हाती आलेले पैसे एकत्र करून त्याच वर्षी ‘वीकली मेल’ काढला. १९८६ मध्ये कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने ‘न्यू नेशन’ सुरू केले, १९८७ मध्ये केपटाऊनला ‘साऊथ’ आणि १९८८ मध्ये ‘फ्रेये वेकब्लाड’ निघाले. हे शेवटचे तर आफ्रिकान्समध्ये, म्हणजे राज्यकर्त्यांच्याच भाषेत राज्यकर्त्यांविरुद्ध! दोन भाषांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवावे. भाषा सरकारची नसते.

मोठे जाहिरातदार या पत्रांपासून दूर राहिले. ती तूट परदेशातून भरून निघाली. युरोपीय समुदायाने १९८५ पासून वर्णभेदाच्या बळींसाठी विशेष निधी ठेवला होता. त्यातून, तसेच चर्चच्या आणि इतर संस्थांकडून, अशा अनेक पत्रांना उघडपणे मदत मिळाली.

या पैशाला नाक मुरडण्याचे कारण नाही. ‘न्यू नेशन’चे संपादक झ्वेलाखे सिसुलू यांना सरकारने १९८६ च्या डिसेंबरात धरून दोन वर्षे खटल्याविना डांबले, तरी पत्र टिकून राहिले. ‘फ्रेये वेकब्लाड’ने १९८९ मध्ये पोलिसांच्या मारेकरी पथकाची हकिकत त्याच पथकाच्या माजी प्रमुखाच्या तोंडून छापली. जाहिरातदाराचा चहा प्यालेल्या पत्राने ती छापली असती का? माझा अनुभव तर वर सांगितलाच आहे.

पण १९९० मध्ये मंडेला सुटले, १९९४ मध्ये निवडणुका झाल्या आणि देणाऱ्यांना वाटले, काम झाले. मदतीचा ओघ नव्या सरकारकडे वळला. ‘साऊथ’ आणि ‘फ्रेये वेकब्लाड’ १९९४ मध्येच मिटले. दुसऱ्यावर बदनामीच्या खटल्याचाही बोजा होता. ‘न्यू नेशन’ विकले गेले आणि १९९७ मध्ये थांबले. ‘वीकली मेल’ तरला, तो लंडनच्या ‘गार्डियन’च्या आधाराने. देणगीदारांना अहवाल पाठवण्याची सवय झाली होती. अंक विकण्याची, वर्गणी मागण्याची राहूनच गेली होती.

त्याच देशात १९०३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’ निघाले होते, गुजराती, हिंदी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार भाषांत. एके काळी गांधीजी स्वतःच्या कमाईतून महिन्याला ७५ पौंड त्यात घालत. पुढे त्यांनी जाहिराती घेणेच सोडले आणि वाचकांनी हे पत्र आपले मानावे असा आग्रह धरला. वर्गणीदार फार झाले तेव्हा साडेतीन हजार. पत्र मात्र १९६१ पर्यंत चालले.

तेवढे बळ आमच्यात नाही. जाहिरातींशिवाय हा अंक निघायचा नाही. पण तो राहिलेला लेख आम्ही पुढच्या वर्षी छापला. मलपृष्ठ गेले. मग घरोघर वर्गणीला फिरलो, तेव्हा एका आजींनी दोन प्रती घेतल्या. एक घरी, एक धारवाडला लेकीच्या सासरी पाठवायला.