यशवंतरावांचे दोन सप्टेंबर

शेजारी देशाशी जरा ताणाताणी झाली की चहाच्या गाड्यावर आणि मोबाईलवर एकच ऐकू येतं, "तिथलं सरकारच नालायक आहे, एकदाच घुसून संपवा." सरकार नालायक असेलही. पण तेवढ्यावर युद्ध करावं का? आपल्या कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावात जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांपुढे हा प्रश्न दोनदा आला.

पहिल्यांदा सप्टेंबर १९३९. व्हाइसरॉय लिनलिथगोनं भारत युद्धात उतरल्याचं जाहीर करून टाकलं, आपल्या माणसांना विचारलंसुद्धा नाही. हिटलरची राजवट वाईट, यात काँग्रेसला शंका नव्हती. पण जो देश स्वतःच गुलाम, त्यानं कुणाच्या स्वातंत्र्यासाठी पोरं पाठवायची? काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मानवेंद्रनाथ रॉय मात्र म्हणाले, फॅसिझम जिंकला तर सगळंच संपेल, म्हणून युद्धाला पाठिंबा द्या. तरुण यशवंतराव रॉय यांच्या विचारांनी भारावलेले होते. तरी या मुद्द्यावर ते त्यांच्यापासून दूर झाले आणि १९४२ ला भूमिगत लढ्यात उतरले.

खरं सांगू? रॉय यांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. छळछावण्यांत काय चाललं होतं ते पुढं जगानं पाहिलंच. म्हणून तर हा वाद सोपा नव्हता.

दुसऱ्यांदा सप्टेंबर १९६५. आता यशवंतराव संरक्षणमंत्री. १ तारखेला पाकिस्तानचे रणगाडे छांबमध्ये घुसले. त्याच संध्याकाळी हवाई दलाला परवानगी मिळाली आणि ६ तारखेला आपली फौज सीमा ओलांडून लाहोरच्या दिशेनं निघाली. आता बघा, अयूब खानांची लष्करशाही तर १९५८ पासूनच होती. ती आहे म्हणून आपण सीमा ओलांडली नाही. हल्ला झाला, तेव्हा ओलांडली. आणि ती राजवट उलथवायलाही बसलो नाही. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला करार केला, जिंकलेला हाजीपीरसुद्धा परत दिला. त्यावर राग असणारे आजही आहेत.

माझं मत एवढंच. समोरचं सरकार कसं आहे, याच्या आधी दोन गोष्टी विचाराव्यात. त्यानं आपल्यावर नेमकं काय केलंय? आणि युद्धाचा निर्णय आपण विचार करून घेतोय की कुणीतरी आपल्यावर लादतोय? कारण गाड्यावर बोलणारा चहा पिऊन घरी जातो, सीमेवर गावातलाच कुणाचा तरी पोरगा उभा असतो.

तुमच्या घरातलं कुणी ६५ च्या लढाईत होतं का? त्यांच्या आठवणी जरूर लिहा.