नॉटपेड पत्रं

लहानपणी सुट्टीत आम्ही आजोळी माजलगावला असायचो. एकदा पोस्टमन ‘नॉटपेड’ पाकीट घेऊन आला. म्हणजे तिकीट न लावलेलं. घेणाऱ्यानं दुप्पट पैसे भरायचे, नाहीतर परत. आजोबांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि सरळ परत पाठवलं. संतोषीमातेच्या नावानं निनावी कार्डंही यायची, ‘अशीच पत्रं इतक्या जणांना पाठवा, नाहीतर वाटोळं होईल’ छापाची. पण निदान प्रत्येक कार्डाचे १५ पैसे तरी कुणीतरी भरलेले असायचे!

आता पोटापाण्यासाठी मेल सर्व्हर सांभाळतो, तेव्हा हे फार आठवतं. ईमेल म्हणजे जवळपास नॉटपेडच. पाठवणाऱ्याला फुकट, साठवायचा खर्च आपला.

हे चालतं एसएमटीपीवर. जॉन पोस्टेलनं ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ लिहून नियम घालून दिले. संभाषण अगदी साधं. ‘हेलो’, मग ‘मेल फ्रॉम’, म्हणजे कोणाकडून. तिथे पंतप्रधानांचा पत्ता टाका, मूळ नियमांप्रमाणे समोरचा सर्व्हर ‘२५० ओके’ म्हणून मान डोलावणार. ओळखपत्र मागायची पद्धतच नाही.

बरं, पोस्टेल भाबडा होता असंही नाही. नोव्हेंबर १९७५ मध्येच त्यानं जंक मेलवर एक टिपण लिहिलं होतं (आरएफसी ७०६): नको ते संदेश निवडून नाकारायची सोय यंत्राकडे नाही. मे १९७८ मध्ये डीईसी कंपनीच्या गॅरी थुअर्कनं अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना जाहिरात पाठवलीसुद्धा. आणि बदल तेव्हा शक्य होता हो! १ जानेवारी १९८३ ला अर्पानेटनं जुना एनसीपी टाकून टीसीपी-आयपी घेतला. यंत्रं होती काही शेच. व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्याकडे इंटरनेट आणलं, तोवर घर बांधून, लोक राहायला येऊन झालं होतं.

डॅनियल बर्नस्टाईननं ‘इंटरनेट मेल २०००’ अशी कल्पना मांडली. पत्र पाठवणाऱ्याच्याच सर्व्हरवर राहील, तुम्हाला फक्त सूचना. वाचायचं तर जाऊन आणा. मला ती अजून आवडते; आजोबांचंच पोस्ट ते. पण नवी पद्धत घेणारा पहिला माणूस पत्र कुणाला लिहिणार? म्हणून जुनं दार उघडं ठेवायचं, आणि स्पॅम त्याच दारातून येणार. २००४ साली दावोसला बिल गेट्स म्हणाले होते, दोन वर्षांत स्पॅम संपेल. असो.

मग ठिगळं लागली. एसपीएफ (२००६): या डोमेनची पत्रं कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात त्याची यादी. डीकेआयएम (२००७): पत्रावर डिजिटल सही. डीमार्क (२०१५): दोन्ही जुळलं नाही तर काय करायचं. सगळं ऐच्छिक. फेब्रुवारी २०२४ मध्ये जीमेल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं. पोस्टेलच्या नियमांना तेव्हा ४१ वर्षं होऊन गेली होती. आणि सक्ती केली कुणी? दोन बड्या कंपन्यांनी. मला हे खुपतं, पण दुसरं कोण करणार होतं?

मामांचं माजलगावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. स्वतःचं डोमेन, पण बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडायची. गेल्या दिवाळीत मी डीएनएसमध्ये एसपीएफची ओळ टाकली, डीकेआयएमची किल्ली बसवली. बिलं पोचायला लागली. मामांना समजावलं, की पत्रावर आता तिकीट नि सही दोन्ही आहे.

“मंग आधीच का नाही लावलं रे?” मामा म्हणाले.