संहिता एक, वाचने अनेक : अमेरिकेतील आंतरजाल-नियमनाचा इतिहास (१९९६–२०२५)

कायद्याचा मजकूर कायम राहावा आणि त्याचा अर्थ मात्र सत्तांतरागणिक बदलत जावा, याचे अर्वाचीन काळातील एक ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेचे आंतरजाल-नियमनाचे धोरण होय. जोडणी पुरविणाऱ्या कंपनीने तिच्यावरून जाणारा वैध मजकूर अडवू नये, मंदावू नये, किंवा मोबदला घेऊन एखाद्याला अग्रक्रम देऊ नये, हे ‘नेट न्यूट्रॅलिटी’चे तत्त्व. विधिज्ञ टिम वू यांच्या २००३ मधील लेखामुळे ही संज्ञा रूढ झाली. या तत्त्वाचा इतिहास सामान्यतः दोन पक्षांमधील संघर्ष म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेही. तथापि त्या संघर्षाच्या मुळाशी अर्थनिर्णयनाच्या अधिकाराचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

१९३४ च्या कायद्याने टेलिफोन कंपन्यांवर सार्वजनिक वाहकाचे, म्हणजे वाजवी दरात व भेदभावाविना सेवा देण्याचे बंधन घातले होते. बिल क्लिंटन यांच्या कारकिर्दीत, १९९६ साली, या कायद्यात दोन व्याख्यांची भर पडली. वापरकर्त्याने निवडलेली माहिती तिचे रूप वा आशय न बदलता पोहोचविणे, ही ‘दूरसंचार सेवा’. माहिती निर्माण करण्याची, साठविण्याची, मिळविण्याची क्षमता पुरविणे, ही ‘माहितीसेवा’. वाहकाचे बंधन केवळ पहिलीला. घरोघरची वेगवान जोडणी यांपैकी कोणती, हे मात्र संहितेने स्पष्ट केले नाही.

हे ठरविण्याचे काम संघीय दळणवळण आयोगाकडे आले. आयोगाच्या पाच सदस्यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात. अध्यक्षही तेच निवडतात. एका पक्षाचे तीनहून अधिक सदस्य असू शकत नाहीत. साहजिकच बहुमत प्रायः सत्ताधारी पक्षाकडे जाते. जॉर्ज बुश यांच्या काळात, २००२ साली, केबलवरील जोडणी माहितीसेवा ठरली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्रँड एक्स’ खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी हे वाचन ग्राह्य धरले. संहिता संदिग्ध असेल तर आयोगाचा वाजवी अर्थ मानावा, हे १९८४ च्या ‘शेव्हरॉन’ निकालाचे सूत्र त्यामागे होते. भिन्नमत नोंदविताना न्यायमूर्ती स्कालिया यांनी पिझ्झाच्या दुकानाचा दृष्टान्त दिला : पिझ्झा घरी आणून देणारा दुकानदार आपण पोहोचविण्याची सेवा देतच नाही, असे कसे म्हणू शकेल?

येथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये. बुश यांच्याच काळातील आयोगाने २००५ मध्ये मुक्त आंतरजालाची चार तत्त्वे जाहीर केली आणि २००८ मध्ये कॉमकास्ट कंपनीने बिटटोरंटच्या वाहतुकीत केलेल्या हस्तक्षेपाविरुद्ध आदेश दिला. उद्दिष्टाबाबत प्रारंभी एवढी दरी नव्हती. प्रश्न आधाराचा होता. २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्याच वर्षी बराक ओबामा यांच्या काळात झालेल्या नियमांपैकी बहुतांश २०१४ मध्ये कोसळले. ज्यांना तुम्ही स्वतःच वाहक म्हणत नाही, त्यांच्यावर वाहकाची कर्तव्ये लादता येणार नाहीत, असा न्यायालयाचा तर्क होता. नाव बदलल्याविना नियम टिकणार नाही, हे यातून उघड झाले.

त्यानंतरचा इतिहास हा नामांतरांचा इतिहास आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये टॉम व्हीलर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने जोडणीला दूरसंचार सेवा म्हटले; डोनाल्ड ट्रम्प यांच्या काळात, डिसेंबर २०१७ मध्ये, अजित पै यांच्या आयोगाने ती पुन्हा माहितीसेवा ठरविली; जो बायडेन यांच्या काळात, एप्रिल २०२४ मध्ये, जेसिका रोझेनवॉर्सेल यांच्या आयोगाने पुन्हा दूरसंचार सेवा. तिन्ही निर्णय ३ विरुद्ध २ मतांनी झाले. २०१६ आणि २०१९ मध्ये एकाच अपील न्यायालयाने दोन परस्परविरोधी वर्गीकरणे वैध ठरविली. हा विरोधाभास वाटला, तरी शेव्हरॉनच्या सूत्राशी तो सुसंगतच होता.

हे सूत्रच जून २०२४ मध्ये ‘लोपर ब्राइट’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले. संहितेचा सर्वोत्तम अर्थ न्यायालयाने स्वतः ठरवावा, हा नवा दंडक झाला. त्याला अनुसरून २ जानेवारी २०२५ रोजी सिनसिनाटी येथील अपील न्यायालयाने २०२४ चा आदेश रद्द करून जोडणीला माहितीसेवा ठरविले. ब्रँड एक्सचा बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी २०२० मध्येच आपल्या त्या भूमिकेचा त्याग केला होता, हेही लक्षणीय.

या इतिहासात विधिमंडळ जवळजवळ मौन राहिले. २०१८ मध्ये सिनेटने पै यांचा निर्णय फिरविण्यासाठी ५२ विरुद्ध ४७ मतांनी ठराव केला, पण प्रतिनिधिगृहात तो पुढे सरकला नाही. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी स्वतःचा कायदा केला. संघीय नियम गेल्यावरही तो उरला. संहितेला एकच अर्थ असतो की वाचकसमुदायागणिक अर्थ घडतो, हा साहित्यविचारातील वाद येथे कोट्यवधी लोकांच्या दैनंदिन व्यवहाराला भिडतो. साहित्यकृतीची अनेक वाचने एकत्र नांदू शकतात; कायद्याच्या वाचनांपैकी एका वेळी एकच अमलात येते. म्हणूनच अर्थ कोणता, याइतकाच तो कोणी लावायचा हा प्रश्नही निर्णायक ठरतो. २०२४ पर्यंत हा अधिकार बव्हंशी निवडणुकीबरोबर हात बदलणाऱ्या आयोगाकडे होता; आता तो न्यायालयाकडे गेला आहे. त्यामुळे अर्थाला स्थैर्य लाभण्याची शक्यता वाढली, मात्र मतदाराच्या हातून तो आणखी दूर गेला.