दादरचे दोन ‘एक नंबर’

आपल्या सोसायटीत पाहुणा यायचा असला की फोनवर ठरलेला प्रश्न येतो, “दादरला उतरून कुठे थांबू?” पंचवीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बदललं. ते का बदललं, हे स्मरणिकेत नोंदवून ठेवावं असं वाटलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

दादर हे एक स्टेशन नाहीच मुळी. शेजारी शेजारी बांधलेली आणि पुलांनी जोडलेली ती दोन स्टेशनं आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती जीआयपी कंपनीची. बीबीसीआय ही दुसरी कंपनी गुजरातकडून रूळ टाकत मुंबईत आली. दोघींचे मालक वेगळे, हिशेब वेगळे, त्यामुळे आपापले फलाट मोजणंही वेगळं. पुढे ५ नोव्हेंबर १९५१ या एकाच दिवशी जीआयपी मध्य रेल्वेत गेली आणि बीबीसीआय पश्चिम रेल्वेत. पाटी बदलली, मोजणी तशीच राहिली. फुलबाजाराच्या बाजूने पश्चिम रेल्वेचे एक ते सात संपले की लगेच पुन्हा मध्य रेल्वेचा ‘एक’ सुरू! म्हणजे दादरला एक नंबर दोन, दोन नंबर दोन, असं सातपर्यंत सगळं जोडीनं. आठ नंबर तेवढा एकटा, आपल्या पूर्वेच्या बाजूचा.

रोजच्या माणसाला याचा काही त्रास नव्हता. पाय आपोआप वळायचे. त्रास व्हायचा तो परक्या माणसाला, आणि आमच्या घरात तो परका माणूस म्हणजे माझे वडील.

२००२ सालची गोष्ट. आण्णा तेव्हा बदलापूरला असायचे. छातीत दुखायचं म्हणून हृदयरोगतज्ज्ञांची संध्याकाळी पाचची वेळ मोठ्या मिनतवारीने मिळाली होती. मी मस्जिदच्या ऑफिसातून धीम्या गाडीने येणार आणि एक नंबरला उतरणार, म्हणून त्यांना सांगितलं, “एक नंबरवर जिन्याखाली थांबा, मी चारला येतो.” माझ्या डोक्यात दुसरा एक नंबर आलाच नाही. आण्णांनी पुलावर कुणाला तरी विचारलं. त्या भल्या माणसाने वेस्टर्नचा एक नंबर दाखवला, तोही हात धरून, जिन्यापर्यंत सोडून! आमच्या दोघांकडेही मोबाईल नव्हता.

मी पाच वाजेपर्यंत उभा राहिलो. मग घरी आलो, बदलापूरला शेजाऱ्यांकडे फोन केला. आई म्हणाली, “ते तर दोनलाच निघाले.” त्यानंतरचा दीड तास मी पुन्हा आठवत नाही. फलाट एकेक करून पालथे घातले. शेवटी साडेसहाला सापडले. बाकावर, मांडीवर पिशवी, पिशवीत ईसीजीचे कागद. मला बघून एवढंच म्हणाले, “एक नंबरच म्हणाला होतास ना?” त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. डॉक्टरांची पुढची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. ते तीन आठवडे घरात कुणी धड झोपलं नाही.

दोन्ही रेल्वेंनी हे आधी का बसून ठरवलं नाही, हे कोडं मला कधी सुटलं नाही. रंग आणि चार पाट्या, एवढाच तर खर्च. पण गर्दीचं गांभीर्य सगळ्यांना कळायला २९ सप्टेंबर २०१७ उजाडावा लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आपल्या पुढच्याच स्टेशनावर, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली. त्यानंतर फलाट किती रुंद, जिना किती अरुंद, हे लोक मोठ्याने बोलू लागले.

दादरला खरा बदल झाला तो २०२३ मध्ये. १५ सप्टेंबरपासून मध्य रेल्वेचा दोन नंबरचा फलाट कायमचा बंद झाला आणि ती जागा घेऊन एक नंबर रुंद करायला घेतला. त्यासाठी दादर लोकल परळहून सोडायला लागले. बसायला जागा मिळायची ती आपली हक्काची गाडी गेली, याची हळहळ आपल्या गच्चीतल्या कट्ट्यावर बरेच दिवस चालली. मलाही वाईट वाटलं. पण संध्याकाळी त्या चिंचोळ्या फलाटावर जो उभा राहिला आहे, तो फार तक्रार करणार नाही.

आणि ९ डिसेंबरला, म्हणजे चैत्यभूमीच्या सहा डिसेंबरच्या गर्दीनंतर तीनच दिवसांनी, नंबर बदलले. पश्चिम रेल्वेचे एक ते सात तसेच राहिले. मध्य रेल्वेचा एक झाला आठ, तीनचा नऊ, चारचा दहा, आणि असं करत जुना आठ झाला चौदा. त्या दिवशी मी मुद्दाम पुलावरून पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत चालत गेलो. चौदा, तेरा, बारा... पाट्या वाचत. सगळ्यात शेवटी एक नंबर आला. खाली उतरलो. आण्णा बसले होते तो बाक आता तिथे नाही.

जुन्या मंडळींच्या तोंडून अजून “सेंट्रलचा एक” जात नाही. माझ्याही नाही. नातवाला परवा तसं सांगितलं, तर तो म्हणाला, “आजोबा, एक तर वेस्टर्नला आहे.” तेव्हा सभासदांनी पाहुण्यांना नवे नंबर सांगावेत, आणि वयस्कर माणूस येणार असेल तर नंबर सांगूच नये. पूर्वेच्या तिकीटखिडकीशी थांबायला सांगावं आणि आपण दहा मिनिटं आधी जाऊन उभं राहावं.